पाणी वळेपर्यंत

कुळगावात किर्तीला दोन नावं. तोंडावर 'वहिनी', आणि पाठ वळली की 'मासे सोडणारी'.

आता तुम्हीच सांगा, हातभर लांबीचा जिताडा पाण्यातून वर घ्यायचा, त्याच्याबरोबर हसून फोटो काढायचा, पुन्हा पाण्यात धरून त्याला जरा दम खाऊ द्यायचा आणि द्यायचा सोडून! याला गावाने काय म्हणावं? जिताडा म्हणजे काय मांदेली आहे? व्याही जेवायला आला की त्याच्या ताटात पडायचा मासा तो. सासू बनूबाई माळकरी, मासळीला शिवत नाही, पण तिचाही जीव हळहळतो. "आपन खात न्हाय ते ठीक," ती म्हणते, "पन सोडतेस कशाला गो? शेजारनीला तरी दे!"

पण किर्तीचा धंदाच तो. बदलापूरच्या नव्या टॉवरांतली, अंबरनाथच्या बंगल्यांतली काही हौशी माणसं आहेत, त्यांना मासा खायचा नसतो, नुसता धरायचा असतो. तोही कसा? ना कोळंबी, ना गांडूळ. कोंबड्याची पिसं नि चकचकीत धागा एका गळाभोवती बांधायचा, डोळ्यांच्या जागी दोन मणी लावायचे, आणि त्याला म्हणायचं माशी. मग खाडीच्या उथळ पाण्यात मांडीभर उभं राहून लवलवत्या काठीने ती माशी लांब फेकायची. जिताड्याला वाटतं छोटा मासा पळाला, आणि तो झडप घालतो. घातली तर. नाही घातली तर दिवसभर उन्हात उभं राहून घरी जायचं आणि 'काय मजा आली' म्हणायचं.

माशीचा चकचकीत धागा किर्ती उल्हासनगरहून आणते, मायाच्या लेसच्या दुकानातून. लग्नाच्या ओढण्यांना लावायची ती सोनेरी झालर. माया दर वेळी गल्ल्यावरून ओरडते, "क्या रे किर्ती, इस बार मछली की सगाई है या शादी?" किर्ती म्हणते, "शादी है दीदी, पर दुल्हन हर बार भाग जाती है."

तर मासा पकडणं हे गिऱ्हाइकाचं काम. किर्तीचं काम पाणी ओळखायचं. कुठल्या पाण्यावर मासा कुठे चढेल, पायाखाली कुठे घट्ट आहे, कुठे गाळ आहे, आणि मुख्य म्हणजे माणसाला बाहेर कधी काढायचं. तिचं माहेर कल्याणच्या खाली, खाडीकाठी. बाप हिरामण, आयुष्य होडीत गेलेलं. त्याने लेकीला हिशेब शिकवला तो असा: अमावास्या-पुनवेला भरती पुरी होते बाराला. बाकी जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता समुद्रात पाणी भरतं. ते आपल्या खाडीत वर चढायला जो वेळ लागतो तो त्यात मिळवायचा, की झालं. किर्तीच्या फोनमध्ये भरती-ओहोटीचं अ‍ॅप आहे, नाही असं नाही. पण ते सांगतं मुंबई बंदराचं. "त्या अ‍ॅपचा बाप कधी खाडीत उतरलाय का?" ती गिऱ्हाइकांना ऐकवते. "माझा उतरलाय."

ठसका बघा बाईचा! आणि गिऱ्हाइकांनाही हे फार आवडतं. तिथीवर पाणी सांगणारी गाईड! सगळ्यात जास्त आवडतं ते शशिकांत साहेबांना.

हे साहेब म्हणजे किर्तीचा नवरा महेश ज्या अंबरनाथच्या कारखान्यात आहे, तिथले जुने अधिकारी. रिटायर झाले आणि घरात बायकोच्या, मालिनीताईंच्या, डब्यांवर लेबलं लावायला लागले. मालिनीताईंनीच वैतागून त्यांना किर्तीच्या हवाली केलं. काठी फिरवायला अजून नीट जमत नाही. त्यांची लाईन, म्हणजे गळाची दोरी, पाण्यावर पडते ती घाटावर गोधडी आपटल्यासारखी. पण उत्साह असा की विचारू नका. यंदा तर लेकीने, अनुयाने, न्यूझीलंडहून खास पाण्यात उभं राहायचे बूट पाठवलेले. जाड तळव्याचे, घोट्याच्या वरपर्यंत लेस आवळायचे. साहेब ते बूट घालून गाडीतून उतरले तेव्हाच किर्तीने बघितलं आणि मनात म्हणाली, वजन फार आहे. बोलली मात्र नाही. लेकीची भेट होती ना.

त्या दिवशी सकाळी घरातून निघताना बनूबाईने स्वयंपाकघरातून हाक दिली होती, "पोळीभाजी बांधू नको गो, आज एकादस हाय. रताळं उकडलंय, ते ने." किर्तीने रताळं डब्यात टाकलं आणि स्कूटर काढता काढता हिशेब केला. अकराची पाऊणपट, वर खाडीचं. फ्रिजच्या डोक्यावर कॅलेंडर टांगलेलं होतं. त्याच्याकडे तिने मान वर करून बघितलं नाही. कशाला बघायचं? सासू उपास चुकवणारी बाई नव्हे.

मालिनीताई कल्याणखालच्या खाडीच्या धक्क्यावर गाडीतच थांबल्या, शब्दकोडं घेऊन. किर्तीने होडी काढली आणि साहेबांना तिवरांच्या पलीकडे नेलं. तिथे शिंपल्यांची एक लांब पट्टी आहे, पायाला घट्ट. पट्टीच्या एका कडेला मात्र उतार आणि त्याच्या खाली लोण्यासारखा गाळ. पाणी मांडीपर्यंत होतं. किर्तीच्या हिशेबाने भरती आता संपत आली होती, आणखी वीतभर चढलं असतं फार तर. पाणी थांबतं तेव्हाच जिताडा कडेला येतो. म्हणून तिने साहेबांना अगदी कडेवर उभं केलं. एरवी चढत्या पाण्यात तिने कुणाला तिथे उभं केलं नसतं.

"साहेब, पाय हलवायचा नाही. पुढे उतार आहे."

"अगं मी तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलाय. सूचना पाळणं माझ्या रक्तात आहे."

तिसऱ्या का चौथ्या फेकीला गोधडी पडली, आणि खरंच पाणी फुटलं. चांदीचा पत्रा उलटावा तसा जिताडा वळला. काठी वाकली, लाईन सूं करत सुटली. साहेब ओरडले, "लागला! लागला गं!" आणि रक्तातल्या सूचना विसरून माशामागे दोन पावलं पुढे गेले.

पहिलं पाऊल उतारावर. दुसरं गाळात.

गुडघ्यापर्यंत गेले, मग धडपडून मांडीपर्यंत. मासा केव्हाच लाईन तोडून गेला होता. साहेबांनी एक पाय उपसायला दुसऱ्यावर जोर दिला, तसा दुसरा आणखी आत गेला. पाणी पोटाच्या वर आलं.

"थांबा! ओढू नका! अजिबात ओढू नका!" किर्तीने होडी सोडवली, बांबूने ढकलत त्यांच्या बाजूला आणली आणि त्यांचे दोन्ही हात होडीच्या कडेवर ठेवले. "धरा इथे. श्वास घ्या. काही होत नाही."

"काठी..." साहेब म्हणाले.

"ठेवली होडीत. काठीचं काय घेऊन बसलात!"

तिने त्यांच्या काखेत हात घालून एकदा ओढून बघितलं. माणूस हलेना. ते जाड तळव्याचे बूट गाळाने असे चोखून धरले होते की जणू खालून कोणी बसून ओढतंय. अंगातलं लाईफ जॅकेट वर उचलतंय, गाळ खाली खेचतोय, आणि मधे साहेबांचा ऑपरेशन झालेला गुडघा. साहेब कण्हले.

"बूट कापावे लागतील," किर्ती म्हणाली.

"अजिबात नाही! अनुयाने पाठवलेत. अजून कंपनीचा वास गेला नाही त्यांचा."

"साहेब..."

"पाणी कधी वळणार ते सांग. उतरलं की हाताने गाळ उकरू. बूट पण निघतील, मी पण निघेन."

किर्तीने तिवरांच्या खोडांकडे बघितलं. ओली रेघ, वर वाळलेला गाळ. तिच्या हिशेबाने आता थांबायलाच हवं होतं. "वळेल," ती म्हणाली. "आता वळेल. दहा-पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. शांत उभे राहा."

आणि माणूस खरंच शांत झाला हो! किर्तीने सांगितलं म्हणजे पंचांगाने सांगितलं. खांदे सैल सोडले, हनुवटी होडीच्या कडेवर टेकली, आणि गप्पा सुरू. कारखान्यात एकदा बॉयलर कसा बंद पडला, महेश तेव्हा नवा होता, कसा टाकीत उतरला. किर्ती हूं हूं करत होती. एक डोळा साहेबांवर, एक तिवराच्या खोडावर. खोडाला एक कालव चिकटलेलं होतं. ते कोरडं होतं. मग ओलं झालं. मग दिसेना.

पाणी छातीला आलं.

"वळतंय का?"

"वळतंय. शेवटचं पाणी जरा रेंगाळतं."

रेंगाळत कुठे होतं? तिवरांच्या पानांखालून काटक्या, थर्माकोलचे तुकडे, निर्माल्याची एक पिशवी, सगळं अजून वरच्या अंगाला चाललं होतं. पाणी वळायला आलं की कचरा आधी जागच्या जागी गोल फिरतो. किर्ती कचऱ्याकडे बघत राहिली. एकही काटकी फिरेना. बापाचा हिशेब कधी इतका चुकला नव्हता. वरून पाणी सोडलं का कोणी? पण दिवस माघाचे, पाऊस नाही. मग हे पाणी येतंय कुठून?

"भूक लागली गं," साहेब म्हणाले. खरं म्हणजे त्यांना थंडी वाजत होती, आवाज कापत होता, पण बोलायची हौस दांडगी. "सकाळी नुसता चहा घेऊन निघालो. कालच्या खिचडीनं पोट असं धरलंय! मालिनी उपासाला साबुदाणा करते तो म्हणजे तुपात पोहतो."

किर्ती ऐकत नव्हती. मग तिने ऐकलं.

"कालची खिचडी?"

"हो. काल एकादशी नव्हती का!"

"काल?"

"काल. का गं?"

मेलं ते कॅलेंडर किर्तीच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, ज्याच्याकडे तिने बघितलं नव्हतं. एका चौकोनात स्मार्त एकादशी, शेजारच्या चौकोनात भागवत एकादशी. मालिनीताईंच्या घरी पहिली धरतात. माळकऱ्यांच्या घरी दुसरी. बनूबाईचा उपास बरोबर होता, तिच्या घराण्याच्या चालीने अगदी बरोबर. पण समुद्र काही माळ घालत नाही. त्याच्या लेखी एकादशी काल झाली, आज बारस. म्हणजे भरती पुढे सरकली, पाऊण तासाने.

म्हणजे पाणी अजून चढणार होतं. चांगलं हातभर.

आणि साहेबांची छाती बुडालेली होती.

आता इथे किर्तीची खरी कसोटी. सांगावं की सांगू नये? न सांगावं तर साहेब बूट कापू देणार नाहीत, आणि पाणी नाकाशी येईपर्यंत 'वळतंय का' विचारत राहतील. सांगावं तर ज्या शब्दाच्या भरवशावर हा माणूस शांत उभा आहे, तोच काढून घ्यायचा. घाबरला आणि धडपडला तर तो गुडघा मोडेल, आणि खाली जाईल तो वेगळाच. आजूबाजूला माणूस नाही. धक्क्यावर मालिनीताई, आडवा-उभा शब्द शोधत. फोन केला तरी कोणी यायच्या आत पाणी येणार.

तिने दोन्ही हातांनी साहेबांचा चेहरा धरला. असं तिने स्वतःच्या सासऱ्यालाही कधी धरलं नसतं.

"काका, माझ्याकडे बघा."

इतक्या दिवसांत ती त्यांना पहिल्यांदा 'काका' म्हणाली होती.

"पाणी वळत नाहीये. मी चुकले. तिथी चुकले. अजून पाऊण तास चढणार आहे."

साहेबांचे डोळे मोठे झाले. त्यांनी खाली बघितलं, जणू पाण्यातून पाय दिसणार होते. मग एकदम हिसका दिला. होडी कलंडली, एक हात सुटला, तोंडात पाणी गेलं. किर्तीने जॅकेटचा पट्टा धरून वर ओढलं.

"हिसका मारू नका म्हटलं ना! हिसका माराल तर मरू आपण दोघं, ऐकताय का? आणि मग मालिनीताई मला स्वर्गात येऊन झोडपतील!"

"तू... तू म्हणालीस वळेल..."

"म्हणाले. खोटं नव्हतं, चुकीचं होतं. आता सांगते ते खरं आहे. बूट गेले. विसरा बूट. अनुयाला बाप पाहिजे की बूट?"

साहेब खोकत राहिले. पाणी गळपट्टीला लागलं होतं. मग त्यांनी मान हलवली. एकदाच.

किर्तीने होडीतली बसायची फळी काढली आणि त्यांच्या पाठीमागे पाण्यात सरकवली. "मी सांगेन तेव्हा मागे रेलायचं. खाटेवर पडतात तसं. होडीचा दोर डाव्या हाताला गुंडाळा. फळी दुसऱ्या हाताने. आणि गाणं म्हणा, आकडे मोजा, मला शिव्या द्या, काय वाट्टेल ते करा, पण पाय ओढू नका. पाय माझे."

"पाय तुझे," साहेब म्हणाले. दातावर दात आपटत होते.

सुरी तोंडात धरून ती खाली गेली.

खाली काहीच दिसत नव्हतं. नुसतं तपकिरी. हाताने मांडी, गुडघा, मग गाळ. गाळात कोपरापर्यंत हात खुपसून बुटाची कड शोधायची, बोटाने पोटरीला लागून खळगा करायचा, म्हणजे त्यात पाणी शिरतं आणि गाळ पकड सोडतो. श्वास संपला. वर आली. साहेबांचं तोंड आकाशाकडे होतं, आणि ते मोठ्याने पाढे म्हणत होते. सतराचा पाढा. तोही चुकीचा.

दुसऱ्यांदा खाली. लेस सापडली, ओली, ताणलेली, दोरखंडासारखी. सुरीने एक पदर कापला. दुसरा. सुरी निसटली, पुन्हा सापडली, करंगळी कापली. छाती फुटायला आली तेव्हा वर.

"उजवा सैल झाला! आता रेला मागे! हळू!"

साहेब रेलले. फळीने पाठ उचलली, जॅकेटने खांदे. किर्तीने गुडघ्याखाली हात घालून पाय वर नाही, बाजूला हलवला, दाराची बिजागरी हलवावी तसा. गाळाने एक मोठा आवाज केला आणि पाय आला. मोजा नाही, बूट नाही, पांढरा फटक पाय पाण्यावर तरंगला.

"आला!" साहेब किंचाळले. "डावा?"

डावा म्हणजे ऑपरेशनवाला. तो जास्त खोल होता. आणि पाण्याला आता साहेबांची हनुवटी सापडली होती. रेलल्यामुळे कानात पाणी, तोंडापुढे पाणी, प्रत्येक लाटेला थुंकायचं. किर्ती तिसऱ्यांदा गेली, चौथ्यांदा गेली. चौथ्या वेळी तिला लेसची गाठ लागली. साहेबांनी ती दुहेरी मारली होती. क्वालिटी कंट्रोल! तिथेच, पाण्याखाली, तिला त्यांची कानशिलं शेकावीशी वाटली. सुरीचं टोक गाठीखाली घालून तिने जीव खाऊन वर उचललं.

पाय सुटला तेव्हा साहेबांनी आरोळी ठोकली ती तिवरांतले बगळे उडवून गेली. गुडघा कुठेतरी फिरला होता. पण माणूस पाण्यावर होता, आडवा, मोकळा, फळीवर. किर्तीने दोर ओढला, होडीची कड खाली दाबली आणि ओल्या पोत्यासारखं त्यांना आत लोळवलं. मग स्वतः चढली आणि त्यांच्या शेजारी पालथी पडली. बराच वेळ दोघंही नुसते श्वास घेत होते. होडी आपली वरच्या अंगाला वाहत चालली होती, कारण पाणी अजून चढतच होतं.

"किर्ती," साहेब म्हणाले, "आता वळेल का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने खाडीबद्दल हे उत्तर दिलं असेल.

धक्क्याच्या पायऱ्यांवर कालवांचे धारदार थर. साहेबांनी अनवाणी पाऊल टाकायच्या आत किर्तीने आपल्या चपला काढून पुढे ठेवल्या. टाचा बाहेर, लंगडत, बायकी चपलांत साहेब वर चढले. मालिनीताई गाडीतून धावत आल्या.

"अहो! बूट कुठायत?"

"एक मोठा जिताडा होता, त्याने..." साहेबांनी सुरुवात केली.

"बूट गाळात गेले," किर्ती मधेच म्हणाली. "साहेब अडकले होते. पाणी हनुवटीला आलं होतं. चूक माझी, ताई. मी भरती चुकीची धरली. कॅलेंडर बघितलं नाही. मी त्यांना तिथे उभं करायलाच नको होतं."

मालिनीताईंनी नवऱ्याचा गुडघा बघितला, किर्तीची रक्ताळलेली करंगळी बघितली. रागावतील असं वाटलं, पण नाही. किंवा रागावल्या असतील, दाखवलं नाही. पर्समधून रुमाल काढून तिच्या करंगळीला घट्ट, चांगला दुखेल इतका घट्ट बांधला आणि म्हणाल्या, "उद्या फोन कर. पाय कसा आहे ते तुझ्या कानांनी ऐक."

"करते."

"विसरू नकोस."

रात्रभर किर्तीला झोप लागली नाही. डोळा मिटला की तपकिरी पाणी. सकाळी उठली ती पहिली कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली. तिथीखालचं बारीक अक्षरसुद्धा वाचलं. मग फोनमधलं अ‍ॅप उघडलं आणि दोन्हीची तोंडं एकमेकांशी जुळवून बघितली. शनिवारी एक गिऱ्हाईक ठरलं होतं, त्याला कळवलं की या आठवड्यात होडी निघणार नाही. महेश चहा पीत बघत होता. त्याने तिचा चहा झाकून ठेवला, शहाणा आहे.

मग तिने फोन लावला. साहेबांनीच उचलला.

"सुजलाय," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतो महिनाभर बसून राहा. तुझ्या ताई मला पाणी प्यायला पण उठू देत नाहीत."

"बरं करतात."

"अनुयाला सांगितलं. आधी रडली, मग ओरडली. दुसरे बूट पाठवणार नाही म्हणाली."

"ते पण बरं."

मग साहेबांनी आवाज खाली आणला, बाजूला कोणी ऐकत असावं तसा. "किर्ती, खरं सांग. जिताडा केवढा होता गं?"

आता हा प्रश्न प्रत्येक गाईडला येतो, आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. सुटलेला मासा नेहमी गिऱ्हाइकाच्या हाताएवढा मोठा. किर्तीने आजवर किती जणांना असे हातभर मासे फुकट वाटले असतील! गिऱ्हाईक खूश, गाईड खूश, मासा तर खूशच.

"मला नाही दिसला, काका," ती म्हणाली. "मी तुमच्या पायांकडे बघत होते."

मग लांबून मालिनीताईंचा आवाज आला, "अहो, पाय उशीवर ठेवा म्हटलं ना!"